गिरनार उतरल्यावरचे पाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गिरनार यात्रेवर लेख आला होता तो वाचला. फोटो छान होते, माहितीही कामाची होती, रात्री किती वाजता चढायला लागायचं, पाणी कुठे मिळतं, डोलीवाल्याशी भाव आधीच ठरवून घ्या वगैरे वगैरे. पण खाली चौकटीत "पाय का दुखतात" हे जे चार ओळींत उरकलंय ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र. चौकटीत म्हटलंय की चढताना पायात लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून पाय दुखतात, ते ॲसिड दोन दिवसांत निघून जातं आणि दुखायचं थांबलं की पाय पहिल्यासारखे. तीन विधानं आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. आता हे चुकलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे असं कोणी म्हणेल, पण या समजुतीवर लोक टूरचे प्लॅन करतात, दुसऱ्या दिवशी आईवडिलांना घेऊन सोमनाथ, तिसऱ्या दिवशी द्वारका, आणि मग कुठेतरी पायरीवर घसरतात.

मी डोंबिवलीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. आपल्याकडे दत्तभक्त घरोघरी, त्यामुळे दत्तजयंतीपासून थंडी संपेपर्यंत गिरनारहून आलेली मंडळी येतच असतात. माझं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. हे लोक वर येतात तेव्हा हळू येतात पण येतात, खरी मजा जाताना, कठडा घट्ट धरून, आडवं होऊन, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतात आणि तोंडाने "दत्त दत्त" चालू. चढण्याने पाय दुखले असते तर चढताना जास्त त्रास व्हायला हवा होता की नाही?

आता नेमकं काय होतं ते सांगते. पायरी चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, लहान होतो आणि अंग वर उचलतो. उतरतानाही तोच स्नायू कामाला असतो, पण तेव्हा तो ताण धरून ठेवत ठेवत लांब होत असतो, म्हणजे विहिरीत कळशी सोडताना आपण दोर एकदम सोडून देत नाही, आवळून धरतो आणि थोडा थोडा सरकू देतो, तसं. स्नायूने ताण धरलेला असताना त्याचं असं लांब होणं याला एक्सेंट्रिक काम म्हणतात. बैठकीत खाली जाताना, डंबेल हळू खाली आणताना, उतारावर पळताना, सगळीकडे हेच. आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं जे येतं ते मुख्यतः या कामातून येतं.

हे काही माझ्या पदरचं नाहीये. १९८३ साली इंग्लंडमध्ये न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता, लोकांना एका उंच पायरीवर चढ-उतर करायला लावलं पण अट अशी की चढायचं नेहमी एकाच पायाच्या जोरावर आणि उतरायचं दुसऱ्याच्या. माणूस तोच, वजन तेच, पायरी तीच. नंतर दुखला तो उतरण्याचा पाय, चढण्याचा नाही. त्याच वर्षी अमेरिकेत श्वेन वगैरे मंडळींनी लॅक्टिक ॲसिडचाही निकाल लावला, काही जणांना सपाट ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं आणि काहींना उताराच्या ट्रेडमिलवर. सपाटवर पळणाऱ्यांचं लॅक्टिक ॲसिड वाढलं पण त्यांचे पाय नंतर दुखले नाहीत, उतारावाल्यांचं फारसं वाढलंच नाही आणि तेच दोन दिवस कुंथत बसले. म्हणजे चाळीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला, तरी आपल्याकडे जिममधले ट्रेनर, व्हॉट्सॲपवरचे डॉक्टर आणि आता तुमची पुरवणी सगळे लॅक्टिक ॲसिडच धरून बसलेत. खरं तर उशिरा येणारं दुखणं हे स्नायूच्या आतल्या फाटण्यामुळे असावं असं थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहून ठेवलंय.

उतरणं फसवं का वाटतं त्याचंही कारण आहे. चढताना छाती भात्यासारखी चालते, माणूस आपोआप थांबतो, बसतो, लिंबू सरबत पितो. उतरताना दमच लागत नाही. १९५२ मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच चेनने जोडल्या, एकाने पुढे पॅडल मारायचं आणि दुसऱ्याने ते पॅडल नुसतं अडवायचं. अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. याचं प्रात्यक्षिक लंडनला रॉयल सोसायटीत झालं तेव्हा एका छोट्याशा चणीच्या बाईने एका धिप्पाड पुरुषाला दमवून टाकलं असा किस्सा फिजिओलॉजीवाले अजून आवडीने सांगतात. तर मुद्दा हा की अडवून धरण्याच्या कामाला स्नायूचे कमी धागे पुरतात, म्हणून श्वास कमी लागतो, पण भार तेवढ्याच कमी धाग्यांवर येतो आणि ते मार खातात. हृदय आणि फुप्फुस "बास आता" असं सांगतच नाहीत, आणि आपली मंडळी दहा हजारांपैकी शेवटच्या दोन-तीन हजार पायऱ्या "आता काय उतारच आहे" म्हणत धडाधड उतरतात कारण खाली चहा आणि अंघोळ दिसत असते.

आत काय होतं म्हणाल तर स्नायूचा प्रत्येक धागा हजारो बारीक कप्प्यांचा बनलेला असतो, ताणाखाली लांब होताना त्यातले कमजोर कप्पे गरजेपेक्षा जास्त ओढले जातात आणि त्यांच्यामधल्या भिंती वेड्यावाकड्या होतात. स्वीडनमध्ये फ्रीडेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये लोकांना जिने पळत उतरायला लावून नंतर स्नायूचा बारीक तुकडा काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला तेव्हा या भिंती विस्कटलेल्या स्पष्ट दिसल्या होत्या. याच्यावर आणखी एक गोष्ट होते ती म्हणजे मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचतो पण आत जे कॅल्शियम सुटायला हवं ते पुरेसं सुटत नाही, त्यामुळे निरोप मिळूनही स्नायू पूर्ण जोर लावू शकत नाही. मग सूज, मग दुरुस्ती करणाऱ्या पेशींची वर्दळ, आणि दुखणं हे या सगळ्या धांदलीतून येतं.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. ताकद आधी जाते, दुखणं नंतर येतं. आणि बरं होताना बऱ्याचदा दुखणं आधी जातं आणि ताकद मागाहून येते. खाली उतरून तळेटीत पोचता तेव्हा काहीच दुखत नसतं, फक्त पाय थरथरतात, पण मांडीची ताकद त्याच मिनिटाला घटलेली असते. उतारावर पळण्याच्या प्रयोगांत ही घट साधारण १० ते ३० टक्के मिळते, आणि हाताच्या स्नायूला प्रयोगशाळेत मुद्दाम जोरदार एक्सेंट्रिक काम दिलं तर निम्मी ताकदसुद्धा जाते. दुखणं मग कधीतरी त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं आणि पाच-सात दिवसांत बहुतेक जातं. ताकद मात्र रेंगाळते, हाताच्या त्या प्रयोगांमध्ये तर पूर्ण भरून यायला दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त लागलेत. पायाचे स्नायू रोजच्या चालण्याने सरावलेले असतात म्हणून ते जरा लवकर सावरतात, पण चौथ्या दिवशी "आता काही दुखत नाही मॅडम" म्हणणाऱ्या माणसाला मी एका पायावर खुर्चीतून उठायला सांगते आणि तो उठत नाही. हा माझ्या क्लिनिकातला रोजचा खेळ आहे.

आणि यात अजून एक खोच आहे. काही जणांची ताकद मशीनवर मोजली, म्हणजे जीव खाऊन जोर लावायला सांगितलं, तर बरी भरते, पण तेच लोक म्हणतात जिना चढताना पाय जड वाटतात, साधं चालताना पण जास्त जोर लावावा लागतो. ते नाटक करत नसतात. रोजच्या हळू, हलक्या हालचालींना नसांमधून जे संथ गतीचे संदेश जातात त्यांना थकलेला स्नायू फार कमी प्रतिसाद देतो, जोराच्या संदेशांना बऱ्यापैकी देतो. हा प्रकार एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच दाखवला होता. म्हणून घरच्यांनी "एवढं काय झालंय तुला, दुखत तर नाही ना" असं म्हणू नये ही विनंती.

दुखणं आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मालिशवाल्या प्रयोगात फार छान दिसतं. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये झैनुद्दीन, नोसाका वगैरेंनी लोकांच्या दोन्ही हातांना सारखाच व्यायाम दिला आणि नंतर एकाच हाताला मालिश केलं. मालिश केलेला हात जवळजवळ ३० टक्के कमी दुखला, सूजही कमी होती, पण ताकद परत यायला दोन्ही हातांना सारखाच वेळ लागला. तेव्हा तेल लावा, गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा, आजीच्या हातचं हळदीचं दूध प्या, माझी कशालाच ना नाही, बरं वाटतं ते वाटतंच. फक्त बरं वाटलं म्हणून लगेच राजगडाचा बेत करू नका. स्ट्रेचिंगबद्दल पण तसंच, व्यायामाच्या आधी करा नाहीतर नंतर, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही हे आता बऱ्याच अभ्यासांतून एकत्रितपणे दिसलंय. सगळ्यात उपयोगी पडतं ते हलकं चालत राहणं, दिवसभर अंथरुणात पडून राहिलं की उठताना अजून बोंब.

पेनकिलरचं मात्र मला जरा बोलायचंय. गिरनारला जाताना लोक पट्टीच्या पट्टी बरोबर नेतात आणि चढायच्या आधीच एक गोळी, मध्ये एक, खाली आल्यावर एक. एका प्रयोगात एक्सेंट्रिक व्यायामानंतर आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलचा पूर्ण डोस दिल्यावर स्नायूमध्ये नवीन प्रथिनं बनण्याची जी वाढ व्हायला हवी ती झालीच नाही (ट्रॅप आणि सहकारी, २००२). ते एकवेळ सोडा, खरा धोका किडनीला आहे. स्नायू फारच फाटले, वर पाणी कमी पडलं, वर या गोळ्या, की स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरून किडनी चोंदवतं. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, मांड्या सुजून टणक झाल्या, पाय उचलतच नाहीत असं झालं तर मालिश-बिलिश न करता सरळ हॉस्पिटल गाठायचं, त्याच दिवशी. हे क्वचित होतं पण होतं, आणि सवय नसताना एका दमात शेकड्याने बैठका काढणाऱ्या तरुण पोरांमध्येही होतं, म्हणून शाळेत उठाबशांची शिक्षा देणाऱ्यांनीही हे वाचावं.

याच्या उलट एक भीती विनाकारण असते. यात्रेहून आल्यावर आठवड्याभरात कोणी फुल बॉडी चेकअप करून घेतं आणि रिपोर्टमध्ये एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं येतं की घरात रडारड, लिव्हर गेलं म्हणून. ही दोन्ही द्रव्यं स्नायूतही असतात आणि जोराच्या व्यायामानंतर आठवडाभरसुद्धा वाढलेली राहू शकतात, सीपीके हे स्नायूतलं द्रव्य तर कितीतरी पट वाढतं. डॉक्टरांना आधीच सांगा की बाबा मी अमुक दिवशी दहा हजार पायऱ्या उतरून आलोय, म्हणजे ते त्या हिशोबाने बघतील आणि गरज असेल तर थोड्या दिवसांनी पुन्हा तपासतील.

पडण्याबद्दल लिहिलं पाहिजे कारण माझ्याकडे मनगट मोडून येणारे पण या यात्रेचेच असतात. मार खाल्लेल्या स्नायूची ताकद तर घटतेच, शिवाय पाय नेमका कुठे आहे, किती वाकलाय, किती जोर लावलाय याचा अंदाजही चुकायला लागतो. मेलबर्नच्या प्रोस्के यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात आणि पुढचे तीन-चार दिवस माणूस ठेचकाळतो तो बेसावध असतो म्हणून नव्हे, त्याला मिळणारी खबरच थोडी चुकीची असते. अशा पायांनी साठीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी सोमनाथच्या गर्दीत, मग रात्री ट्रेनच्या अप्पर बर्थवर चढवणं हा शुद्ध आचरटपणा आहे. टूरवाल्यांनी सोमनाथ-द्वारका आधी आणि गिरनार शेवटी ठेवावं आणि परतीचे बर्थ लोअर मागावेत, मिळत नाहीत हे माहितीये मला, तरी मागावेत.

आता रोपवे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गिरनारच्या वाटेतल्या अंबाजीच्या देवळापर्यंत रोपवे सुरू झाला तेव्हापासून एक नवीन पद्धत पडलीये, वर जाताना रोपवेने जायचं आणि येताना "उतरायला काय त्रास" म्हणून तळापर्यंत पायी यायचं, एका बाजूचं तिकीट वाचतं. धडधाकट माणसाला एकाच बाजूचं तिकीट काढायचं असेल तर ते येतानाचं काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री गारव्यात हळूहळू चढा, दर्शन घ्या आणि अंबाजीपासून पाळण्यात बसून खाली या, वारा सुटला तर रोपवे बंद असतो एवढं लक्षात ठेवून. हृदयाचा, दम्याचा त्रास असलेल्यांचं गणित वेगळं, त्यांना चढच झेपणार नाही, त्यांनी दोन्ही बाजूंचं काढावं आणि पुढच्या पायऱ्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवावं. रायगडाच्या रोपवेलाही हेच लागू. आणि तळेटीला ज्या काठ्या भाड्याने मिळतात त्या म्हाताऱ्यांच्या म्हणून तरुण पोरं घेत नाहीत ना, त्यांना सांगा की २०११ मध्ये ब्रिटनमध्ये स्नोडन डोंगरावर ३७ जणांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना काठ्या आणि अर्ध्यांना नाही, काठीवाल्यांची ताकद कमी घटली, दुखलंही कमी.

तयारीबद्दल तुमच्या लेखात "महिनाभर आधीपासून जिने चढण्याचा सराव करा" असं म्हटलंय. करा, दम वाढेल. पण पाय दुखू नयेत यासाठी सराव उतरण्याचा लागतो. एक्सेंट्रिक कामाची एक भारी गंमत अशी की एकदा मार खाल्लेला स्नायू दुसऱ्या वेळी तेच काम केलं तर फार कमी दुखतो आणि लवकर सावरतो, आणि यासाठी पहिला डोस जबर असायचीही गरज नाही, थोडासाही पुरतो. नोसाकांनी हाताच्या स्नायूवर पाहिलं तेव्हा हे संरक्षण सहा महिने टिकलं आणि नऊ ते बारा महिन्यांच्या मध्ये कधीतरी संपलं. आता हे हाताचं आहे, पायाला जसंच्या तसं लावता येणार नाही, तरी मला यातून एक कोडं सुटल्यासारखं वाटतं, दर पौर्णिमेला गिरनार करणारे आमच्याकडचे काका दुसऱ्या दिवशी लोकलने ऑफिसला जातात आणि वर्षातून एकदा जाणारे "दहा वर्षं करतोय पण दर वर्षी तेवढेच दुखतात हो" म्हणतात. दुखणारच, वर्षभरात स्नायू सगळं विसरलेला असतो.

म्हणून मी पेशंटना उलटा सल्ला देते, लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. सोसायटीतले लोक हसतात, वॉचमन तर विचारतो लिफ्ट बिघडली का. पहिल्या आठवड्यात दोन-तीन मजले, एक दिवस आड, कठड्याला हात ठेवून, मग हळूहळू वाढवत सहा-सात मजले दोन-तीनदा. गुडघ्याची झीज जास्त असेल त्यांनी आधी दाखवून घ्यावं. तैवानमध्ये वजन जास्त असलेल्या वयस्कर बायकांवर अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये छापून आला, १२ आठवडे एका गटाने फक्त जिने चढले आणि दुसऱ्याने फक्त उतरले, वरखाली करायला लिफ्ट. उतरणाऱ्या बायकांच्या मांडीची ताकद जास्त वाढली, शिवाय ब्लड प्रेशर आणि हाडांची घनता यातही त्याच पुढे. म्हणजे ज्या कामाने गिरनारला पाय मोडतात तेच काम थोडं थोडं केलं तर औषध आहे. टाचेच्या वरची शीर धरली असेल तर पायरीवर उभं राहून टाच हळू खाली सोडण्याचा जो व्यायाम आम्ही देतो, स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला, तोही याच जातीचा.

जाता जाता भरतीच्या पोरांसाठी दोन शब्द, कारण तुमचा पेपर तेही वाचतात. ग्राउंडच्या तारखेआधी आठ-दहा दिवस टेकडी उतारावर पळणं किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून एकदम तीनशे बैठका असलं काही नवीन सुरू करू नका. तालमीतला पैलवान शेकड्याने बैठका मारतो तो लहानपणापासून रोज मारतो म्हणून. तुमचं दुखणं १६०० मीटरच्या दिवशी थांबलेलंही असेल आणि वेळ तरी दहा-पंधरा सेकंदांनी जाईल, आणि मग नशिबाला दोष.

पुरवणीत जागा असेल तर ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, कार्तिकातल्या परिक्रमेच्या आधी छापली तर जास्त बरं, दिवाळीच्या सुट्टीत निम्मं डोंबिवली तिकडे निघालेलं असतं. लॅक्टिक ॲसिडचं वाक्य काढून तिथे रोपवेचं तिकीट येतानाचं काढा एवढं टाकलं तरी चालेल.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)